डॉर्कस पॅजेट यांची चित्रं
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



इंटरमिजिएटची परीक्षा पास झाले आणि घरी हुकूम सुटला, आता दहावी, रंगपेटी माळ्यावर! पुढे मी डॉक्टर झाले, शरीररचनाशास्त्र शिकवलं. मेंदूच्या धमन्या शिकवताना ‘पॅजेट, १९४८’ हा संदर्भ कितीदा दिला असेल. हे कोणी डॉक्टर गृहस्थ असणार, असंच मी धरून चालले होते. त्या बाई होत्या, आणि मुळात चित्रकार होत्या, हे निवृत्तीच्या सुमारास कळलं. आज त्यांच्याविषयीच बोलते.

डॉर्कस हेगर पॅजेट यांचा जन्म १९०६ चा, अमेरिकेतला. व्हासार कॉलेजचं शिक्षण अर्धवट सोडून त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये मॅक्स ब्रोडेल यांच्याकडे शिकायला गेल्या. ब्रोडेल यांनी १९११ मध्ये तिथे वैद्यकीय चित्रकलेचा विभाग सुरू केला होता. कार्बनची पूड ब्रशने कागदावर चढवायची आणि उजेडाच्या जागा खरवडून काढायच्या, ही त्यांची पद्धत. पण आधी अवयव नीट समजून घ्यायचा, मगच चित्राला हात घालायचा. शस्त्रक्रियेच्या फोटोत रक्त, कापूस, चिमटे सगळंच येतं. काय गाळायचं हे चित्रकाराला कळावं लागतं, आणि ते कळायला विषय यावा लागतो.

मेंदूचे प्रख्यात सर्जन वॉल्टर डँडी यांच्यासाठी त्या चित्रं काढू लागल्या. धमनीच्या फुग्याच्या मानेला चिमटा लावून तो बंद करण्याची शस्त्रक्रिया डँडींनी १९३७ मध्ये केली. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं. ते माणसागणिक वेगळं निघतं. असं का, याचा शोध घ्यायला पॅजेट थेट गर्भावस्थेपर्यंत मागे गेल्या. डँडींच्या १९४४ च्या पुस्तकात या कड्यावरचं प्रकरण त्यांचं आहे. चार वर्षांनी, काही मिलिमीटरच्या गर्भांचे पातळ छेद अभ्यासून, या धमन्या कशा घडतात ते त्यांनी सात टप्प्यांत मांडलं. ते टप्पे आजही वापरले जातात. आणि बाईंकडे कॉलेजची पदवीसुद्धा नव्हती!

आपले चित्रकलेचे सर आज समोर बसले आहेत. सर, माझी चित्रकला सोडवू नका, असं सांगायला तुम्ही तेव्हा आमच्या घरी आला होतात. बाबांनी चहा दिला आणि विषय बदलला. गेल्या वर्षापासून मी पुन्हा स्मरणचित्रं काढते आहे. माणसांचं प्रमाण अजून चुकतं. वही आणली आहे, जेवणानंतर दाखवते.