गार्ड कुणी काढला?

लघुउद्योजकांच्या औद्योगिक सुरक्षा परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण

सन्माननीय अध्यक्ष महोदय, उद्घाटक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयातून आलेले अधिकारी, मोठ्या वाहन कंपन्यांच्या खरेदी विभागांतली मंडळी, कामगार प्रतिनिधी, आणि भोसरी, चाकण, तळेगाव पट्ट्यातल्या माझ्या व्यवसायबंधूंनो आणि भगिनींनो,



स्वागताध्यक्षानं आधी गावाचं मोठेपण सांगायचं, अशी रीत आहे. मी ते थोडक्यात उरकतो, कारण इथे बसलेल्या बहुतेकांची उभी हयात याच गावात गेली. इंद्रायणी आणि पवनेच्या काठचा हा मुलूख. एका अंगाला आळंदी-देहू, दुसऱ्या अंगाला मोरया गोसावींचं चिंचवड. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, मग स्कूटर आल्या, ट्रक आले आणि त्यांच्या मागोमाग आपण आलो. ब्रॅकेट, वॉशर, क्लॅम्प, बिजागऱ्या बनवणारे. आज रस्त्यावरून धावणाऱ्या एखाद्या गाडीचं बॉनेट उघडा, आपल्यापैकी कुणाच्या तरी गाळ्यात ठोकलेला पत्रा त्यात सापडेल. याचा मला अभिमान आहे, आणि तो लपवायचं काही कारण नाही.

पुढे जाण्याआधी एक सूचना. या सभागृहाला चार दरवाजे आहेत. दोन तुमच्या मागे, दोन व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना. डावीकडच्या दाराला काल संध्याकाळपर्यंत खुर्च्यांची थप्पी टेकून ठेवलेली होती. सुरक्षा परिषदेच्या तयारीत असताना! आमच्या कार्यकर्त्यांनी ती हलवली आहे, पण घरी जाऊन आपापल्या शेडचं मागचं दार तेवढं बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. मुळशीतलं उरवडे, ७ जून २०२१. तळवडे, ८ डिसेंबर २०२३. दोन्ही ठिकाणी कारखान्यांत आग लागली, आणि दोन्ही ठिकाणं इथून गाडीनं जाण्याच्या अंतरावर. दोन्ही आगींत गेलेल्यांमध्ये बहुसंख्य बाया होत्या, पॅकिंगसारखी हातकामं करणाऱ्या. तळवड्याच्या शेडमध्ये वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनत होत्या. अशा शेडचे मालक आजच्या सभेत बहुधा नाहीत. ते परिषदांना येत नाहीत, त्यांच्यापर्यंत निमंत्रणही पोचत नाही. पुढच्या वेळी निमंत्रणपत्रिका वाटायला आपणच त्या गल्ल्यांतून फिरावं, असं स्वागत समितीला मी आत्ताच सुचवून ठेवतो.

आज मला मुख्यतः बोलायचंय ते आगीबद्दल नाही. आगीची बातमी होते. आपल्या भागात जे रोज घडतं त्याची होत नाही. पॉवर प्रेसखाली बोट जातं, माणूस दवाखान्यात जातो, दुसऱ्या दिवशी त्याच प्रेसवर दुसरा माणूस उभा राहतो. ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेचे ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल आपल्यापैकी काहींनी वाचले असतील. हरियाणा आणि महाराष्ट्रातल्या वाहन उद्योगाच्या पुरवठादारांकडे हात जायबंदी झालेल्या कामगारांचं म्हणणं त्यांत आहे. ते वाचून आपल्यातले काही जण रागावले होते. रागावण्यापेक्षा आपल्याच अपघात रजिस्टरची पानं उलटावीत. कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच मजकूर दिसेल: कामगाराचा निष्काळजीपणा. खाली सही मालकाची किंवा मॅनेजरची. ज्याचं बोट गेलं त्याला तो रकाना कुणी दाखवत नाही.

अपघात झाला की शेडमध्ये पहिला प्रश्न असतो, ‘गार्ड कुणी काढला?’ गार्ड म्हणजे हात आत जाऊ न देणारी आड, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पण आपण तो एकाच माणसाला विचारतो आणि तिथेच थांबतो. तो जरा पुढे नेऊन बघू.

गार्ड सेटरनं, म्हणजे प्रेसवर डाय बसवणाऱ्यानं, काढलेला असतो. का? डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायची होती. डाय बदलायची तर गार्ड काढावाच लागतो, चार बोल्ट खोलून. नवी डाय उंचीला वेगळी, तिला जुना गार्ड बसत नाही. तिच्यासाठी वेगळा गार्ड बनवायचा असं ठरलं होतं, पण डायच्या ड्रॉइंगमध्ये गार्ड नव्हताच, म्हणून तो बनलाच नाही. तोवर गेटवर टेम्पो उभा. सुपरवायझर म्हणतो, हा लॉट काढून घ्या, मग बघू. प्रेसवर उभा असलेला मुलगा नांदेडचा, नाहीतर बिहारचा. ठेकेदारामार्फत आलेला, पगारपत्रकावर हेल्पर, प्रत्यक्षात ऑपरेटर. त्याला पीस हातानं आत ठेवायचा आणि हातानं काढायचा आहे, कारण दिलेला चिमटा आखूड आहे आणि टार्गेट चिमट्यानं पुरं होत नाही. दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं त्या प्रेसला आहेत, पण एक बटण लाकडी खुंटी मारून कायमचं दाबून ठेवलंय. खुंटी कुणी मारली? मागच्या शिफ्टनं. मागच्या शिफ्टला कुणी सांगितलं? कुणीच नाही. सांगावं लागत नाही. टार्गेटचा फळा समोर टांगलेला असतो, तो पुरेसा आहे.

यंत्राबद्दल थोडं तपशिलानं बोलतो, कारण सभांमधून याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्या गाळ्यांतल्या जुन्या सी-फ्रेम प्रेस पुष्कळशा पिन क्लचच्या आहेत. पायडल दाबला की फ्लायव्हील क्रँकला धरतं. एकदा धरलं की रॅम खाली जाऊन पुन्हा वर येईपर्यंत ती प्रेस थांबत नाही. मधेच थांबवायची सोय त्या रचनेतच नाही. पिन झिजली किंवा स्प्रिंग तुटली तर पायडल न दाबताही दुसरा स्ट्रोक पडतो. ज्याला आपण डबल स्ट्रोक म्हणतो, तो हाच. आता गंमत अशी, की ग्राहकाचं ऑडिट यायचं असलं की आपण अशा प्रेसला सेन्सर लावतो. हिरवा दिवा, लाल दिवा, फोटो छान येतो. सेन्सरला हात दिसतो, तो सिग्नलही देतो, पण थांबणार कोण? पिन क्लचची प्रेस मधे थांबूच शकत नाही. तिला सेन्सर लावणं म्हणजे विहिरीला कठडा न बांधता ‘सावधान’ची पाटी लावण्यासारखं आहे. सेन्सर हवा असेल तर आधी न्यूमॅटिक क्लच-ब्रेक बसवा. तो परवडत नसेल तर डायभोवती फिक्स गार्ड बसवा, असा की फटीतून पट्टी आत जाईल पण बोट जाणार नाही. तेही जमत नसेल तर ती प्रेस भंगारात काढा. विकू मात्र नका, नाहीतर ती पलीकडच्या गल्लीत जाऊन तिथल्या मुलाचं बोट घेईल. खंडेनवमीला तिला झेंडूचा हार घालतो आपण. त्या दिवशी तेवढी ती सुरक्षित असते, कारण तिचा मेन स्विच बंद असतो.

आता पैशाचं बोलू. कायद्यात बोटांचे दर ठरलेले आहेत. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक अवयवापुढे कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली ते लिहिलेलं होतं. आख्खा अंगठा ३० टक्के. पूर्ण तर्जनी १४, मधलं बोट १२, करंगळी किंवा अनामिका ७. एका हाताची चारही बोटं ५० टक्के. हा तक्ता वाचताना एखादा मालक सुस्कारा सोडेल, ‘७ टक्के म्हणजे फार नाही.’ करंगळी गेलेल्या माणसाला पुढच्या कारखान्यात प्रेसवर कुणी घेत नाही, ही घट त्या तक्त्यात धरलेली नाही.

ही भरपाईसुद्धा कुणी आपण होऊन दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. आपण त्यांना रविवारच्या सुट्टीमुळे ओळखतो. त्या अर्जातली आणखी एक मागणी आपल्या कामाची आहे: कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं. लोखंडे १८९७ मध्येच गेले होते. आणि आजही आपल्यापैकी काही ठिकाणी ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड निघतं ते अपघात झाल्यावर, दवाखान्याच्या वाटेवर. हे मी ऐकीव सांगत नाही, या सभागृहातल्या निम्म्या लोकांना हे माहीत आहे.

कायद्याबद्दल सविस्तर सांगायला तज्ज्ञ मंडळी दुपारी आहेतच. मी दोनच गोष्टी सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली आणि १९४८ च्या कारखाने कायद्यासह १३ कायदे तिच्यात विरघळले. विजेवर चालणारा कारखाना म्हणजे मूळ कायद्यात १० कामगार, आता २०. हे ऐकून आपल्या काही मित्रांनी हजेरीपट १९ वर आणायचा बेत केला असेल, तर त्यांच्यासाठी पहिली गोष्ट: १० माणसं असलेल्या आस्थापनेलाही मालकाची कर्तव्यं लागू आहेत, आणि सुरक्षिततेसाठी केलेल्या कुठल्याही गोष्टीचा पैसा कामगाराकडून घेता येत नाही. बुटाचे पैसे पगारातून कापणाऱ्यांनी हे लिहून घ्यावं. दुसरी गोष्ट, मालकानं कर्तव्य पाळलं नाही आणि माणूस दगावला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. त्या दंडातली निम्मी तरी रक्कम वारसांना द्यावी, असं न्यायालय सांगू शकतं. धाक म्हणून एवढं पुरे. धाकानं फाइल सुधारते, हे मात्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. फाइलमध्ये मॉक ड्रिलचे फोटो असतात, ४ मार्चच्या सुरक्षा दिनाच्या शपथेच्या कागदावर सह्या असतात, प्रशिक्षणाची हजेरी असते, आणि ती हजेरी एकाच पेनानं, एकाच अक्षरात असते. अधिकारी मंडळी हसताहेत, म्हणजे त्यांनाही ते अक्षर ओळखीचं आहे.

म्हणून आज मला खरं बोलायचंय ते पुढच्या रांगेत बसलेल्या खरेदी विभागाच्या मंडळींशी. आपण पाहुणे आहात, तेव्हा पाहुण्यांचा मान राखून बोलतो. तुमच्याकडे आम्ही कोटेशन देतो. त्यात पत्र्याचा भाव असतो, डायचा खर्च असतो, मजुरी, वीज, वाहतूक, नफा. तुम्ही समोर बसवून एकेक पैसा कमी करता. तो तुमचा धर्म आहे, तक्रार नाही. पण त्या कोटेशनमध्ये गार्डची ओळ कुठेच नसते. ती आम्ही लिहीत नाही, कारण लिहिली तर शेजारचा न लिहिता कमी भाव देईल आणि काम त्याच्याकडे जाईल. तुम्ही विचारत नाही, कारण विचारलं तर ती ओळ कापता येणार नाही. एका लाखात दोन पीस वाकडे गेले तर रात्री दहाला तुमचा फोन येतो. बोट गेलं तर येत नाही. तुम्हाला ते कळवलंच जात नाही, आणि कळवावं असं तुमच्या कुठल्याही फॉर्मवर लिहिलेलं नाही.

स्वागत समितीनं एक मसुदा केला आहे, तो संध्याकाळच्या सत्रात ठरावासाठी येईल. कोटेशनमध्ये गार्ड, क्लच-ब्रेक आणि नव्या माणसाच्या प्रशिक्षणाचे तास यांची वेगळी ओळ असावी, त्या ओळीवर घासाघीस होऊ नये. डायच्या प्रत्येक ड्रॉइंगवर गार्डचं ड्रॉइंग असल्याशिवाय डाय मंजूर करू नये. आणि पुरवठादाराचं ऑडिट कधीतरी न सांगता, तिसऱ्या शिफ्टला करावं. यातलं शेवटचं कलम आमच्याच समितीत सगळ्यात जास्त वेळ अडलं. शेवटी बहुमतानं ठेवलं, आणि विरोधात बोललेल्या सदस्यांनी ते मसुद्यात राहू दिलं, याबद्दल त्यांचे जाहीर आभार.

सोयीगैरसोयीबद्दल दोन शब्द. दुपारचं जेवण मागच्या मांडवात आहे. प्रथमोपचाराची पेटी नोंदणीच्या टेबलाशी आहे, आणि तिच्याशेजारी एक छापील कागद आहे तो प्रत्येकानं न्यावा. बोट तुटलं तर ते स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात टाकायचं नाही, टाकलं तर जोडता येण्याची आशा कमी होते. हा कागद शेडच्या दारावर मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत लागला पाहिजे.

तीन वाजता मागच्या आवारात एक जुनी पिन क्लच प्रेस ठेवली आहे. तिच्यावर दोन सेटर डाय बदलून दाखवणार आहेत, एकदा बोल्टचा गार्ड काढून परत लावून, आणि एकदा डायबरोबरच बनवलेल्या गार्डसह. दोन्ही वेळा घड्याळ लावलेलं असेल आणि फरक रुपयांत काढून फळ्यावर लिहिला जाईल. खरेदी विभागाच्या मंडळींनी जेवण झाल्यावर लगेच निघू नये, ही खास विनंती. तो आकडा तुमच्यासाठीच काढायचा आहे.

आता उद्घाटकांना विनंती करतो की त्यांनी परिषदेचं उद्घाटन करावं.