परिचारिकेचे दुसरे काम

बऱ्हाणपुराहून आसीरगडाकडे जाणाऱ्या वाटेवरील निंबोल्यासारख्या गावातली एखादी सून अपत्यप्राप्तीच्या उपचारासाठी इंदूरचा वा जळगावचा दवाखाना गाठते, तेव्हा तिच्या पिशवीत तपासण्यांचे कागद असतात आणि कानांत साऱ्या गोतावळ्याचा एकच उपदेश घुमत असतो : ‘टेन्शन घेऊ नको, म्हणजे दिवस राहतील.’ उपदेश मायेचा खरा. परंतु दिवस राहिले नाहीत, तर कसूर तिच्याच मनाची, असा त्याचा मथितार्थ निघतो. साडेतीन हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपचारापूर्वीची चिंता आणि उपचाराचे यश यांचा संबंध आढळला नाही. शिवाय दोष पुष्कळदा पुरुषाच्या बाजूसही असतो, ही बाब घरात क्वचितच उच्चारली जाते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने ६ ऑगस्ट १९८६ रोजी देहाबाहेरील फलनातून बालिका जन्मास आली, आणि तेव्हापासून ही विद्या पुष्कळ पुढे गेली. तथापि रोजची इंजेक्शने, स्त्रीबीज काढून घेणे आणि गर्भरोपणानंतरचे सुमारे दोन आठवड्यांचे वाट पाहणे, हे सोसणे स्त्रीच्याच वाट्यास राहिले आहे. इंजेक्शने देणे हे परिचारिकेचे पहिले काम; तिच्या दुसऱ्या कामास येथूनच आरंभ होतो. शिकागोच्या डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली ग्रंथरूपाने मांडलेली स्नायुशिथिलीकरणाची रीत परिचारिकेला या स्त्रीस शिकवता येईल : मूठ काही क्षण आवळावी आणि सोडून द्यावी, मग दंड, खांदे, जबडा, पाय असे क्रमाने करीत जावे, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ द्यावा. औषधांनी बीजकोश फुगलेले असता पोट आवळण्याचा भाग गाळणेच इष्ट. अशा सरावाने चित्ताची घालमेल उणावते आणि सुईच्या भयाने ताठरलेले अंग सैलावते.

अपत्यप्राप्तीच्या उपचारांविषयीच्या २०२१ च्या कायद्याने अशा दवाखान्यांवर समुपदेशनाची आणि यशाची शक्यता स्पष्ट सांगण्याची जबाबदारी टाकली आहे. ही तरतूद सहीच्या कागदापुरती उरू नये, अशी इच्छा असेल, तर परिचारिकेने पहिल्याच दिवशी, शक्य तर सासूबाईंच्या देखत, सांगावे : ‘ताई, याने मूल होईल असे मी म्हणत नाही, तुम्हाला बरे वाटावे म्हणून हे शिकायचे.’ एवढे स्पष्ट बोलणे झाले, म्हणजे उपचार निष्फळ ठरल्यास त्या स्त्रीला स्वतःच्या मनाची झडती घ्यावी लागणार नाही.