फोन आपला, किल्ली कोणाची?

(वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दूध बाजारात आपण घर विकत घेतले आणि त्यात कोणते सामान आणायचे हे विकणाराच ठरवू लागला, तर ते घर आपले म्हणता येईल काय? आयफोनची रीत अशीच आहे. सामान्य ग्राहकाला त्यात नवे ॲप घालायचे तर ॲपलने २००८ साली उघडलेल्या दुकानातूनच घ्यावे लागते. भारतात आजही तेच चालू आहे.

याचा पहिला तोटा भाषेला होतो. कंपनीखेरीज इतरांचा कळफलक बसविण्याची मोकळीक आयफोनवर २०१४ साली मिळाली. ज्या नस्तालीक वळणात आपण उर्दू वाचतो, ते फोनच्या मूळ अक्षरांत यायला २०१७ साल उजाडले. पहिला आयफोन २००७ सालचा. म्हणजे दहा वर्षे गेली, आणि फोनचे मूळ अक्षर बदलणे वाचकाच्या हाती नव्हते.

दुसरा तोटा रोजीरोटीला. अँड्रॉइडवर बाहेरून ॲप घेता येते, पण बहुतेक गिऱ्हाईक गूगलच्याच दुकानात जाते. शुल्काच्या वादातून गूगलने १ मार्च २०२४ रोजी मुंबईच्या शादी डॉट कॉम व कुकू एफएमसह काही भारतीय कंपन्यांची ॲप तेथून काढली. सरकारने मध्यस्थी केली, तेव्हा ती काही दिवसांत परत आली. मोठ्यांसाठी मंत्री धावले. उद्या नाशिकच्या एखाद्या होतकरू मुलाचे ॲप काढले, तर कोण धावेल?

कुलपाला कारणही आहे, हे मान्य केले पाहिजे. व्हॉट्सॲपवर आलेली खोट्या चलनाची एपीके फाइल उघडून अनेकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. म्हणून पालकांनी अनोळखी फाइल कदापि उघडू नये. परंतु चोराच्या भयाने कुलूप लावले, तरी किल्ली घरमालकाकडेच असावी. युरोपात कायद्याने २०२४ साली ॲपलला इतरांच्या दुकानांना वाट द्यावी लागली. आपल्या स्पर्धा आयोगानेही ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि तो अपील न्यायाधिकरणाने २०२३ साली कायम ठेवला.

विद्यार्थी मित्रहो, कायदा आपल्या गतीने चालेल. तुम्ही संगणकाची विद्या मनापासून शिका. ॲप बनवाल तेव्हा ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीही ठेवा. तिला कोणत्याही दुकानाची परवानगी लागत नाही. दुसऱ्याच्या दुकानात माल जरूर ठेवा, पण आपला उंबरठा सोडू नका.