लातूरनं प्यालेलं जंगल

12 एप्रिल 2016 च्या पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी दुष्काळी लातूरला आली. दहा टँकर, पाच लाख लिटर. पुढे पन्नास-पन्नास टँकरांच्या गाड्या पावसाळ्यापर्यंत येत राहिल्या. त्याला 'मिरजेचं पाणी' म्हटलं गेलं.

अहो, मिरजेत काय पाणी पिकतं? ते कृष्णेचं. कृष्णेला कऱ्हाडला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. या दोन्ही नद्या येतात सह्याद्रीच्या सदाहरित, निमसदाहरित रानातून. वारणेचं चांदोली 2004 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 साली कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं, 2012 साली युनेस्कोच्या यादीत. लातूरकरांना मात्र ते 'तिकडचं कुठलं तरी जंगल'!

लातूरला वर्षाचा पाऊस सात-आठशे मिलिमीटर. तिथं घाटमाथ्यावर त्याच्या कित्येक पट. पण नुसता पडून काय उपयोग? पत्र्यावर बादली ओता, पाणी लगेच खाली. तीच बादली जुन्या लुगड्यांच्या जाड वाकळीवर ओता; वाकळ दोरीवर टाकली तरी संध्याकाळपर्यंत ठिबकत राहते. चांदोलीची जमीन ही तशी वाकळ आहे. पाचोळा, कुजलेली फांदी, मुळं, थरावर थर. पाऊस उघडल्यावरही ओढे वाहतात, धरणात गाळ कमी उतरतो. वाकळीला टाके हवेत. ते घालतो धनेश. फळ गिळतो, बी लांब नेऊन टाकतो. शेकरू, गवा, सांबर, अस्वल, सगळे त्याच कामावर.

वाघाचं म्हणाल, तर नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबातून एक वाघीण चांदोलीत आणली. बातम्या झाल्या त्या तिच्या. वाकळीची चौकशी कुणी केली नाही.

पुन्हा सांगायला हवं: लातूरला आलेलं ते पाणी मिरजेचं नव्हतं, रानाचं होतं. धरण अडवतं, रान मुरवतं.

अशी एक वाकळ नांदेडकरांच्याही जवळच आहे, पैनगंगा अभयारण्याची. सागाची, उन्हाळ्यात पानं गाळणारी, म्हणून पातळ; एका वणव्यात जळते. तेव्हा मार्च-एप्रिलात किनवट-माहूरकडे जाणाऱ्यांनी पेटती विडी रानात टाकू नये, आणि टाकणाऱ्याला तिथल्या तिथं दटावावं.