फुलाच्या जवळ जाताना
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



'फुलांचे क्लोजअप फोटो कसे काढतेस ते सांग,' असं संयोजकांनी फर्मावलंय. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यामुळे तज्ज्ञ म्हणून नाही, तर चुका करत शिकलेली म्हणून बोलते.

पहिली चूक याच शाळेतली. नववीत बाईंनी प्रत्येकाला एकेक जास्वंद दिली होती. ब्लेडने उभी कापायची, बघायची आणि आकृती काढायची. मी फूल केसांत माळलं आणि शेजारणीच्या वहीतून आकृती उतरवली. बाईंनी वही पाहून विचारलं, "कुक्षी किती गं?" मी म्हटलं, "तीन." "मोजल्यास?" मी गप्प. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये गॅलरीतल्या कुंडीत जास्वंद फुलली. हाताशी नवी मॅक्रो लेन्स होती. फोटो लॅपटॉपवर मोठा केला आणि दांडीच्या टोकाशी पाच लाल, मखमली गोंडे दिसले. पाच कुक्षी! पंचवीस वर्षं उशिरा मोजल्या. तेव्हापासून हा नाद लागला.

आता थोडं तंत्र. खऱ्या मॅक्रोमध्ये फूल जेवढं, तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर पडते. इतक्या जवळून एफ ८ ठेवलं तरी जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. म्हणून फुलातलं नेमकं काय दाखवायचं, हे आधी ठरवावं लागतं. परागकण हवेत की पाकळीची कड? दोन्ही हवं असेल तर कॅमेरा स्टँडवर लावून, फोकस किंचित सरकवत अनेक फोटो घ्यायचे आणि मग संगणकावर एकत्र जोडायचे. एफ २२पर्यंत छिद्र बारीक केलं की सगळं स्पष्ट येईल असं वाटतं. पण प्रकाशाच्या विवर्तनामुळे फोटो उलट मऊ पडतो. वारा हा मोठा शत्रू, म्हणून सकाळी लवकर निघायचं. ऊन कडक असेल तर फुलावर ट्रेसिंग पेपर धरायचा. महागडं साहित्य लागत नाही, गुडघे मात्र शाबूत हवेत.

दुसरी चूक सांगायला जड जातेय. एका सप्टेंबरात मी साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेले होते. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, त्यांत कास आहे. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आणि त्यावर तेरडा, सोनकी, गेंद. मला हवी होती सीतेची आसवं. नखाएवढं जांभळं-निळं फूल. आणि ही चिमुकली वनस्पती कीटकभक्षी! मी पालथी झोपले, श्वास रोखला, वीसेक फोटो काढले. एक अप्रतिम आला. उठले तेव्हा माझ्या कोपराखाली आणि पोटाखाली वीतभर, हातभर पसरलेली तीच फुलं चिरडलेली होती. लेन्समधून मला एकच फूल दिसत होतं. बाकीची मी पाहिलीच नव्हती.

त्या फोटोचं खूप कौतुक झालं. शाबासकी देणाऱ्या कुणालाही मी हे सांगितलं नाही. या स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठीही तोच फोटो मागितला होता. मी दिला नाही. कारण विचारलं तेव्हा वेळ मारून नेली. खरं कारण आज सांगतेय.

आता माझा नियम साधा आहे. आधी कॅमेरा बॅगेत ठेवून पाच मिनिटं नुसतं बघायचं: पाय कुठे ठेवणार, कोपर कुठे टेकणार. वाटेवरून जे फूल मिळेल तेवढंच टिपायचं. वाटेवरून मिळालं नाही, तर डोळ्यांनी पाहून परत यायचं. फोटो कमी येतात. हरकत नाही.

मुखपृष्ठासाठी मी गॅलरीतल्या जास्वंदीचा फोटो दिलाय. बाई, आपण आज समोर बसला आहात. अंक हातात आला की कृपया मोजून बघा. पाच आहेत. या वेळी मी कुणाच्या वहीतून उतरवलेलं नाही.