कागद कोणाचा?
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं मला बोलण्यास पाचारण झालें, तेव्हां मीं जुन्या आठवणी सांगाव्या अशी चालकांची अपेक्षा असावी. आठवण सांगतोंच; परंतु ती जुनी नाहीं, आणि तींत मला भूषणावह असें कांहीं नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं माझ्या वहिनींना दुखणें आलें. वाडीच्या व्हॉट्सॲप-समूहावर मीं प्रार्थनेची विनंती केली आणि घाईघाईनें डॉक्टरांच्या तपासणीच्या कागदाचें छायाचित्रहि सोबत जोडलें. त्यावर नांव, वय, फोनचा क्रमांक, रोग, सर्व कांहीं होतें. तिसऱ्या दिवशीं कोणा अपरिचित गृहस्थाचा वहिनींना फोन आला कीं, आमचें औषध घ्या, रोग मुळासकट जाईल. असे पांचसहा फोन झाले. पुढें तो कागद, त्यांच्या मुलीच्या सोयरिकीचीं बोलणीं चाललीं होतीं त्या घरीं जाऊन पोंचला, आणि बोलणीं थांबलीं. वहिनी मला एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, प्रार्थना मागितलीत त्याचें बरें वाटलें. पण कागद माझा होता."

ही हकीकत आज सांगण्यापूर्वीं मीं त्यांची परवानगी घेतली आहे. तेवढें तरी मी शिकलों.

कित्येक म्हणतील, व्हॉट्सॲपवरील मजकुरास कुलूप असतें. खरें आहे, २०१६ पासून तशी व्यवस्था आहे. परंतु तें कुलूप वाटेवरचें. पत्र ज्याच्या हातीं पडलें त्यानें तें दुसऱ्यास दिलें, तर कुलूप काय करील? दोनशें माणसांच्या समूहांत टाकलेली गोष्ट दोनशें हातांत असते.

आणि आपण गप्प राहिल्यानेंहि सुटका होत नाहीं. २०१८ सालीं उघडकीस आलेलें केंब्रिज ॲनालिटिकाचें प्रकरण आपणांस आठवत असेल. एका संशोधकानें फेसबुकवर स्वभावाची परीक्षा करणारा एक खेळ मांडला होता. जो तो खेळे त्याचीच नव्हे, तर त्याच्या मित्रमंडळींचीहि माहिती त्या काळच्या सोयीमुळें खेळ मांडणाऱ्याकडे जाई. फेसबुकनेंच दिलेल्या हिशेबाप्रमाणें भारतांत तो खेळ घेणारीं माणसें अवघीं ३३५. आणि त्यांच्यामुळें ज्यांची माहिती बाहेर गेली असण्याचा संभव होता असे इतर लोक ५,६२,१२०! या साडेपांच लाखांनीं काय अपराध केला होता? त्यांचा कोणी स्नेही कुतूहलानें एका बटणावर बोट ठेवता झाला, इतकेंच.

आतां कोणी विचारील, आपल्या समाजांत खासगी असें होतें तरी काय? विवाहापूर्वीं तीन रविवार मंदिरांत वधूवरांचीं नांवें पुकारण्याची रीत आपलीच ना? होय, आपलीच. परंतु त्या पुकारण्यास कारण होतें: विवाहास कांहीं अडथळा असल्यास कळावा. ऐकणारे ओळखीचे होते आणि काम होतांच ती गोष्ट संपत असे. त्याच मंदिरांत, चार पावलांवर, पापनिवेदनांतील एक शब्दहि बाहेर जात नसे व आजहि जात नाहीं. कोणतें पुकारावें आणि कोणतें पोटांत ठेवावें, याचा विवेक आपल्या वडिलांना होता.

२०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ सालीं संसदेनें वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाहि केला. त्यांत अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीस पालकांची संमति लागते असें म्हटलें आहे. परंतु त्याच कायद्यांत लिहिलें आहे कीं, माणसानें स्वतःच चव्हाट्यावर मांडलेल्या माहितीस तो लागू नाहीं, आणि एखाद्यानें घरगुती कारणासाठीं वापरलेल्या माहितीसहि नाहीं. म्हणजे माझ्यासारख्या हितचिंतक दिराला आवरण्यास सरकार येणार नाहीं, असेंच मला दिसतें!

कुटुंब वेलंकणीला निघालें कीं गाडींतूनच छायाचित्रें झळकूं लागतात; घराला कुलूप आहे हें चोरास निराळें सांगावें लागत नाहीं. पहिल्या कम्युनियनच्या दिवशीं मुलाचें नांव, शाळा आणि जन्मदिवस एकाच चित्राखालीं छापून येतात. मुलाला कोणी विचारलें? तें मोठें होईल तेव्हां तें चित्र त्याच्या अगोदरच जगभर फिरून आलेलें असेल. आईबापांचा आनंद मला समजतो. पण तो आजीला पाठविलेल्या चित्रानें पुरा होऊं नये काय?

शेवटीं समितीस एक विनंती. या महोत्सवाच्या स्मरणिकेत सर्व कुटुंबांची यादी, फोन क्रमांक व जन्मतारखांसह, घालण्याचा आणि तिची प्रत इंटरनेटवर ठेवण्याचा विचार चालूं आहे. छापील पुस्तक घरच्या फडताळांत राहतें. इंटरनेटवरील प्रतीस फडताळ नाहीं. नांवें अवश्य घाला. क्रमांक व तारखा मात्र प्रत्येक घरीं जाऊन, विचारून, कोणी नको म्हटल्यास न रागावतां गाळा. काम किचकट आहे, हें मी जाणतों. आमच्या वाडीतलीं घरें मीं पत्करलीं. पहिल्यानें वहिनींकडे जाईन.