वनस्पतींची पाने आणि वाढलेला रक्तदाब



वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे शरीरात ठाण मांडून बसला, तरी बहुधा फिर्याद म्हणून काही करीत नाही. आणि म्हणूनच, डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, तर जन्मभराच्या गोळ्यांची ब्याद मागे कशाला लावून घ्यावी, सकाळी शेवग्याच्या किंवा तुळशीच्या पानांचा रस घेतला म्हणजे पुरे, असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. या विचारात तथ्य किती आणि जोखीम किती, याचा निवाडा आज करू.

वनस्पतींच्या अंगी रक्तदाब उतरविण्याचे सामर्थ्य असते, याचा सर्वांत ठळक दाखला आपल्याच देशातला आहे. उन्माद आणि निद्रानाश यांवर आपल्याकडे पूर्वापार दिल्या जाणाऱ्या सर्पगंधेच्या मुळाचा रक्तदाबावर होणारा परिणाम कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली नोंदविला; पुढे मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली पन्नास रुग्णांवरील आपले निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाने या मुळाची दखल घेतली, आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी त्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले. परंतु हेच द्रव्य अधिक मात्रेत दिले गेले, तेव्हा गुंगी, नाक चोंदणे आणि मनाची उदासी यांच्या तक्रारीही रुजू झाल्या. ज्या द्रव्यात गुण देण्याची शक्ती आहे त्यात अपाय करण्याचीही असते, आणि या दोहोंमधील सीमा मात्रा ठरविते, हा त्या इतिहासाचा बोध.

पानांनाही हाच न्याय लागू आहे. ऑलिव्हच्या पानांचा अर्क इंडोनेशियातील सौम्य रक्तदाबाच्या रुग्णांना ५०० मिलिग्रॅम या प्रमाणात दिवसातून दोनदा, असा आठ आठवडे दिला गेला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत वरचा दाब सरासरीने ११ ते १२ मिलिमीटर उतरला, आणि कॅप्टोप्रिल या गोळीने जवळजवळ १४. निकाल उत्साहवर्धक खरा. पण तो अर्क प्रमाणित होता, रुग्ण निवडलेले होते आणि त्यांच्यावर वैद्यकीय देखरेख होती, हे विसरता कामा नये. आपण घरी पाला वाटून किंवा उकळून जो रस अथवा काढा करतो, त्यातील द्रव्याचे प्रमाण जमीन, ऋतू, पानाची जून-कोवळी अवस्था आणि पाण्याचा अंश यांनुसार पालटत राहते. त्यामुळे काल घेतलेला पेला आणि आजचा पेला एकाच बळाचे असतील, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

‘वनस्पती आहे, तेव्हा निरुपद्रवी’ हा समज तर समूळ सोडून द्यावा. कुंपणावर फुलणारी कण्हेरही वनस्पतीच, आणि तिचे पान हृदयाला घातक. खोकल्यावर चघळला जाणारा ज्येष्ठमध दीर्घकाळ सेवन केल्यास रक्तदाब उलट वाढवितो. शेवग्याच्या पाल्यात पोटॅशियम विपुल असते; निरोगी माणसाला ते हितकर, पण ज्याचे मूत्रपिंड क्षीण झाले आहे, किंवा ज्याला पोटॅशियम शरीरात रोखून धरणारी रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्याने रोज पेलाभर रस घेतला तर रक्तातील पोटॅशियम धोक्याच्या मर्यादेपर्यंत चढून हृदयाची गती बिघडण्याचा संभव असतो.

मग करावे काय? शेवग्याची, अंबाडीची, चाकवताची भाजी म्हणून पाला अवश्य ताटात असू द्यावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र त्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. पापड, लोणची, फरसाण यांसह दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे सपाट चमचाभराच्या, आत ठेवावे. तंबाखू सोडावी आणि रोज अर्धा तास झपाझप चालावे. दाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू टाळून, पाठ टेकून पाच मिनिटे स्वस्थ बसावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि येणारे आकडे तारखेसह वहीत नोंदवावेत. निरनिराळ्या दिवशी दवाखान्यात केलेल्या मोजणीत वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० यापुढे जात राहिला, तर उपचाराची तजवीज करण्यात दिरंगाई करू नये.

आणि एक गोष्ट निक्षून सांगतो. चालू गोळी आपल्या हुकमाने कधीही बंद करू नका, कारण काही गोळ्या एकाएकी सोडल्याने दाब उसळी घेतो. एखादा रस किंवा काढा घेतच असाल, तर तो कोणत्या पानांचा, किती आणि केव्हापासून, हे त्याच वहीत लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी कमी करावयाची की नाही, याचा निर्णय त्यांना तुमच्या नोंदी पाहून करू द्या.